तापली की बंद, थंडावली की सुरू: नागपूरच्या उन्हात एमजीबीचं नेहमीचं दुखणं

सकाळी एमजीबी, म्हणजे जुनी इंग्रजी, कापडी टपाची स्पोर्ट्स गाडी, पहिल्याच सेल्फला उठते. धरमपेठेतून फुटाळा, तिथून अंबाझरीकडून परत, कुठे कुरकुर नाही. वाटेत पोह्याच्या ठेल्यावर दहा मिनिटं थांबता. तर्री संपवून येता, किल्ली फिरवता. सेल्फ मस्त फिरतो, पण इंजिन काही घेत नाही. कधी घेतं, शंभर पावलं जातं आणि फुसफुसत बसतं.

दुसरा प्रकार सिग्नलवरचा. नव्वद सेकंदांचा आकडा उलटा मोजत असतो, इकडे आयडलिंग ढेपाळत जातं, अख्खी गाडी हलायला लागते, आणि हिरवा दिवा लागून रेस देताच ती खोकून बंद. तिसरा प्रकार वर्धा रोडवरचा. साठ-सत्तरच्या वेगात चांगली चाललेली गाडी कोणी किल्ली काढून घेतल्यासारखी एकदम गप्प.

तिन्ही प्रकारांत एक गोष्ट सारखी आहे. बॉनेट उघडून अर्धा तास सावलीत ठेवली की काही झालंच नाही अशा थाटात ती सुरू होते. बरेचदा टेंपरेचरचा काटा या सगळ्या काळात मधोमध असतो, त्यामुळे माणूस आणखी चक्रावतो. तो काटा इंजिनाच्या हेडमधल्या पाण्याचं सांगतो. कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल किंवा डेल्कोच्या (म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या) आतला कंडेन्सर किती तापला, हे त्याला कसं कळणार?

तुमच्या गाडीचं असंच होत असेल तर हे तुमच्यासाठी आहे. गाडी थंड असतानाही सुरू होत नसेल तर दुखणं वेगळं. आणि बॉनेटमधून वाफा येत असतील, तेल दुधाळ झालं असेल किंवा कुठेही पेट्रोलचा थेंब लोंबताना दिसला, तर मधलं सगळं सोडा आणि थेट शेवटचा भाग वाचा.

माझी गाडी १९६६ ची. एमजीबी १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडातल्या अ‍ॅबिंग्डनला बनली. १७९८ सीसीचं इंजिन, एसयू बनावटीचे दोन कार्बोरेटर, कापडी टप. ज्या देशात ऊन पडलं की लोक टप उघडतात, त्या देशासाठी केलेली गाडी. आपल्याकडे ऊन पडलं की लोक डोक्याला दुपट्टा बांधतात. या इंजिनात एक गोष्ट अशी आहे की नागपूरच्या मे महिन्यात ती नडणारच: कार्बोरेटर आणि एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर बाहेर नेणारा जाड पाईप) दोन्ही इंजिनाच्या एकाच, डाव्या बाजूला आहेत. कार्बोरेटर वर, धगधगता मॅनिफोल्ड खाली. गाडी चालू असते तोवर हवा खेळती राहते. बंद केली की पंखा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं, आणि पुढची दहा-पंधरा मिनिटं बॉनेटखालची उष्णता कमी न होता वाढत जाते. म्हणून घोळ बहुधा परत सुरू करतानाच होतो.

दोन उन्हाळे वाया गेले ते असे

व्हरायटी चौक, मे महिना, दुपारचे साडेचार. गाडी बंद. पाच मिनिटांत पंधरा सल्लागार जमले. एक काका म्हणाले, "पेट्रोल उकळून राहिलं भाऊ, ओलं फडकं टाका." पानठेल्यावरून पाणी आलं, कोणीतरी स्वतःचा दुपट्टा भिजवून दिला, आम्ही तो कार्बोरेटरच्या वाट्यांवर गुंडाळला. पंचवीस मिनिटांनी गाडी सुरू झाली. टाळ्या पडल्या. पुढचे दोन उन्हाळे मी डिकीत पाण्याची कॅन आणि जुना दुपट्टा घेऊन हिंडत होतो, आणि दर वेळी तो उपाय लागू पडत होता.

दोष निघाला कंडेन्सरमध्ये. तो डेल्कोत असतो आणि डेल्को इंजिनाच्या उजव्या बाजूला. ओला दुपट्टा त्याच्या आसपासही गेला नव्हता. त्याला बरं करत होती ती पंचवीस मिनिटं.

हे उलगडलं ते मोमिनपुऱ्याकडच्या एका जुन्या अ‍ॅम्बेसेडर मिस्त्रींमुळे. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. मी तीनदा सकाळी-सकाळी गाडी नेली, तिन्हीदा तिच्यात काही सापडलं नाही. चौथ्यांदा ते वैतागले. "थंडी गाडी कायले आणता साहेब? तापवा, बंद पडू द्या, मंग बोलवा." आणि खरोखरच दुपारी दोन वाजता स्कूटरवर बसून आले. दहा मिनिटांत निकाल लागला. खाली दिलेली सगळी तपासणी त्यांच्या त्या वाक्यावर उभी आहे. पहिल्या काही गोष्टी गाडी गरम आणि बंद असतानाच करायच्या. घरी ढकलत आणून संध्याकाळी बॉनेट उघडलं की सगळे सुटे भाग निर्दोष दिसतात.

अ‍ॅम्बेसेडरवाल्यांना या गाडीचं कळतं याचं कारण आहे. अ‍ॅम्बेसेडरचं १४८९ सीसीचं इंजिन हे याच घराण्यातलं, एमजीबीच्या इंजिनाचा धाकटा भाऊ म्हणा. मात्र ओल्या फडक्याचा सल्लाही तिथूनच आलेला आहे. त्या गाडीचा पेट्रोलपंप इंजिनालाच जोडलेला, तो टाकीतून पेट्रोल ओढून आणायचा. ओढ्या नळीत वाफ झाली की ओढणं बंद. तिथे फडकं टाकणं अगदी बरोबर होतं. एमजीबीचा विजेवरचा एसयू पंप मागे, उजव्या चाकाच्या पुढे, गाडीच्या पोटाशी असतो. तो पुढे ढकलतो. दाबाखालच्या नळीत वाफ सहज होत नाही. म्हणून या गाडीत 'पेट्रोल लाइनमध्ये उकळलं' हे निदान सगळ्यात शेवटी करायचं, चौकातले लोक ते सगळ्यात आधी करतात.

फुकटातली तपासणी: काटा, चोक, कान, झाकण

चालताना बंद पडत असेल तर पहिली नजर आरपीएमच्या काट्यावर. १९६४ च्या अखेरीनंतरच्या गाड्यांत हा काटा इग्निशनच्या विजेवर चालतो. गाडी गिअरमध्ये अजून घरंगळतेय, म्हणजे इंजिन फिरतंय, आणि तरी काटा एकदम शून्यावर पडला, तर कॉईलकडे (बॅटरीच्या विजेतून ठिणगीचा दाब तयार करणाऱ्या डबीकडे) जाणारी वीज तुटली. काटा वेगाबरोबर हळूहळू उतरला तर संशय पेट्रोलवर. बंद पडण्याची रीतही बघा. वीज गेली की इंजिन एका झटक्यात जातं. पेट्रोल संपत गेलं की आधी आचके देतं, मग जातं.

सिग्नलवर आयडलिंग ढेपाळायला लागलं की चोकची दांडी अर्धा इंच ओढा. एसयूमध्ये चोक ओढला की जेट (पेट्रोल सोडणारी बारीक नळी) खाली सरकतो आणि पेट्रोल जास्त जातं. इंजिन सावरलं तर पेट्रोल कमी पडत होतं. आणखी बिघडलं, सायलेन्सरमधून काळं आलं, तर आधीच जास्त होतं. काहीच फरक पडला नाही तर विजेकडे वळा. फुकटातली इतकी बोलकी चाचणी दुसरी नाही.

आता कान. किल्ली चालू करा, सेल्फ मारू नका. मागून टकटक टकटक असा आवाज येईल, मग सावकाश होत थांबेल. तसं झालं तर कार्बोरेटरच्या वाट्या भरल्या, पंपाचं काम झालं. टकटक थांबतच नसेल तर एकतर पंप हवा ओढतोय, नाहीतर वाटीची सुई अडकून पेट्रोल बाहेर वाहतंय, म्हणून लगेच उतरून नाक लावा. आवाजच नसेल तर वाट्या भरलेल्या आहेत किंवा पंप अडकलाय. यातलं कोणतं, ते पंपाच्या भागात सांगतो. किल्ली मात्र अर्ध्या मिनिटाच्या वर चालू ठेवू नका. इंजिन थांबताना पॉईंट (डेल्कोतले, कॉईलची वीज जोडणारे-तोडणारे टेकण) मिटलेले राहिले असतील तर कॉईलमधून सतत करंट वाहतो आणि आधीच तापलेली कॉईल आणखी तापते.

पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडा. सुस्स करून हवा आत ओढली गेली तर झाकणाचं छिद्र बुजलंय. टाकीत हवा शिरत नाही, पंप जोर लावून दमतो. झाकण सैल ठेवून एक फेरी मारून बघा. फरक पडला तर छिद्र साफ करा, कथा संपली. माझ्या ओळखीच्या एका ट्रायम्फ स्पिटफायर गाडीचा अख्खा आजार एवढाच होता. मालकाने त्याआधी कार्बोरेटर दोनदा उघडला होता.

या चार गोष्टी करून गाडी पेट्रोलची रोगी की विजेची, एवढं कळतंच.

डेल्को: दहापैकी सहा वेळा इथेच

हा आकडा माझ्या स्वतःच्या अनुभवाचा आहे, कुठल्या पुस्तकातला नाही. पण गेल्या अकरा उन्हाळ्यांत मी माझी आणि मित्रांच्या तीन गाड्या मिळून हे दुखणं इतक्यांदा पाहिलंय की गरम बंद पडलेल्या गाडीत हात आधी डेल्कोकडे जातो.

आधी ठिणगी बघायची. बॉनेट उघडून दोन मिनिटं थांबा. पेट्रोलचा वास दरवळत असेल तर ही चाचणी करायचीच नाही. वास नसेल तर एका प्लगची वायर काढा, तिला जास्तीचा एक जुना प्लग लावा, त्याचं लोखंडी अंग कार्बोरेटरच्या विरुद्ध बाजूला इंजिनाच्या धातूला नीट टेकवा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. वायर हाताने धरू नका, रबरी मुठीच्या पकडीत धरा. निळी, टचटच वाजणारी ठिणगी हवी. पिवळसर, बारीक, कधी पडते कधी नाही, अशी असेल तर चोर सापडला, फक्त नाव ठरायचंय. गाडी थंड झाल्यावर हीच चाचणी परत करा. गरम असताना पिवळी आणि थंड झाल्यावर निळी असेल तर मुख्य संशय दोघांवर: कंडेन्सर किंवा कॉईल.

कंडेन्सर म्हणजे करंगळीच्या पेराएवढी डबी. पॉईंट उघडतात त्या क्षणी करंट उडी मारू पाहतो. कंडेन्सर ती उडी स्वतःच्या पोटात घेतो, त्यामुळे कॉईलमधलं चुंबकत्व झटकन कोसळतं आणि जोरदार ठिणगी तयार होते. आतलं इन्सुलेशन कमजोर झालं की तापल्यावर ते गळायला लागतं. ठिणगी मरते, थंड झालं की परत जिवंत होते. पॉईंटच्या तोंडावर निळसर-काळे डाग किंवा एका बाजूला टेंगूळ आणि दुसऱ्या बाजूला खड्डा दिसला तर कंडेन्सरवर शिक्का मारा.

तपासणीचा सोपा मार्ग म्हणजे दुसरा लावून बघणं. वस्तू स्वस्त आहे, दोन घ्या. गंमत अशी की नवा कोरा कंडेन्सर चांगला असेल असं नाही. हल्ली मिळणारे कित्येक जण डबीतून निघतानाच आजारी असतात. उस्तादांनी माझ्या गाडीला जुन्या साठ्यातला अ‍ॅम्बेसेडरचा कंडेन्सर लावला, तोही डेल्कोच्या आत न लावता बाहेर, अंगाला स्क्रूने आवळून, वायर आत घेऊन. विजेच्या हिशेबाने काहीच फरक नाही, उलट आतल्या धगीपासून तो लांब राहतो. आठ वर्षं झाली, तोच चालू आहे. दिसायला बरं दिसत नाही, कोणी प्रदर्शनात नाक मुरडलं तर मुरडू द्या.

झाकण उघडलंच आहे तर पॉईंटचं अंतर मोजा. फिलर गेजने ०.३५ ते ०.४० मिमी. टेकणाची फायबर झिजली की अंतर कमी होतं, टाइमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे जातं आणि इंजिन जास्त तापतं. पॉईंटकडे येणारी ती बारीक, कापडी वेष्टनाची वायर बोटाने हलवून बघा. इंजिनाच्या ओढीने (व्हॅक्यूमने) डेल्कोतली प्लेट सतत मागेपुढे फिरते, तिच्यासोबत ही वायर वाकत राहते आणि वरून धडधाकट दिसत असताना आतून तुटते. काटा एकदम शून्यावर पडण्याचं हे पहिल्या नंबरचं कारण. रोटरही (ठिणगी एकेका प्लगकडे वाटणारा फिरता तुकडा) उलटा करून पाहा. पितळी पट्टी रिव्हेटने बसवलेली असेल तर त्या रिव्हेटमधून ठिणगी खाली दांड्यात शिरते, आणि तीही गरम झाल्यावरच. रिव्हेट नसलेला रोटर घ्या.

ती प्लेट फिरवणाऱ्या व्हॅक्यूमच्या डबीची परीक्षा तोंडाने होते. कार्बोरेटरकडची नळी काढून ओढा आणि टोक जिभेने बंद करा. जीभ चिकटून राहिली तर पडदा शाबूत. हवा सुटली तर फाटला. पेट्रोलची चव पाच मिनिटं राहते, त्याला इलाज नाही.

कॉईल आणि टाइमिंग

कॉईलला मल्टिमीटर लावा. या सालच्या गाडीला साधी बारा व्होल्टची कॉईल लागते, दोन बारीक टोकांमध्ये तिचा अवरोध तीन ओहमच्या थोडा वर असतो. दुकानदाराने दिली म्हणून दीड ओहमची लावली असेल, तर ती बाहेरच्या बॅलास्टसाठी (करंट आवरणाऱ्या जास्तीच्या रेझिस्टरसाठी) केलेली असते. बॅलास्टशिवाय ती दुप्पट करंट पिते, हात लावू देत नाही इतकी तापते आणि अर्ध्या तासात दमते. बदलताना पुढचं लक्षात ठेवा: १९६७ पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचा प्लस बॉडीला असतो. नव्या कॉईलवर प्लस-मायनस लिहिलेलं असेल तर अशा गाडीत प्लसचं टोक डेल्कोकडे जातं. उलटं लावलं तरी गाडी चालते, पण ठिणगी अशक्त होते.

टाइमिंग इंजिन थांबलेलं असताना दहा अंश आगाऊ. चढावर खडखड वाजते म्हणून पुष्कळ जण ते मागे घेतात. आवाज जातो खरा, पण जळण उशिरापर्यंत चालतं आणि उष्णता मॅनिफोल्डात उतरते, म्हणजे नेमकी कार्बोरेटरच्या खाली. मागे घेण्याआधी ९५ ऑक्टेनचं पेट्रोल घालून बघा.

पाणी आणि हवा: कूलर आठवा

आता काटा मधोमध न राहता खरंच वर चढत असेल तर. पण आधी काट्यावर किती विश्वास ठेवायचा ते ठरवा. ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंशांची नोंद झाली आणि देशभर बातमी झाली. नंतर कळलं, सेन्सरच बिघडलेला होता. आपल्या गाडीतली साठ वर्षं जुनी तांब्याची केशनळी त्याहून शहाणी असेल, असं धरून चालू नका. लेसरवाली तापमानाची बंदूक थर्मोस्टॅटच्या (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) घरावर धरून पडताळा. कोरोनात घेतलेली कपाळाची बंदूक इथे कामाची नाही, ती चाळिशीच्या पुढे लगेच हात टेकते.

पाणी बघायचं ते गाडी पूर्ण थंड असताना. गरम रेडिएटरचं झाकण उघडणाऱ्याला मी काही सांगू शकत नाही, बर्न वॉर्ड सांगेल. झाकणाचं रबर कडक झालंय का, स्प्रिंग दाब धरते का ते पाहा. दाबाच्या दर पौंडामागे पाणी साधारण दीड अंश उशिरा उकळतं. म्हणजे सात पौंडाचं झाकण नीट असेल तर दहा-अकरा अंशांची सवलत मिळते, आणि मे महिन्यात तेवढीच हवी असते. तुमच्या सालाला पुस्तकात जितक्या पौंडाचं सांगितलंय तितक्याचंच लावा. जास्त दाबाने जुना हीटर आणि पाईप फुटतात.

फॅन बेल्ट मधोमध अंगठ्याने दाबला की अर्धा इंच दबावा. रेडिएटरच्या जाळीतली धूळ आणि किडे इंजिनाच्या बाजूने पाण्याची बारीक धार मारून काढा. रेडिएटरच्या कडेने, वरून, खालून फटी आहेत का पाहा. मूळ रबरी पट्ट्या कधीच कुजून गेलेल्या असतात आणि हवा सोप्या वाटेने बाजूने निघून जाते. दाट फोमच्या पट्ट्या कापून मी त्या फटी बुजवल्या, तेवढ्यावर काटा बोटभर खाली आला. एवढ्या कमी पैशात एवढा फरक मला दुसऱ्या कशाने मिळाला नाही.

आता खार. दर एप्रिलमध्ये कूलर बाहेर काढल्यावर जाळ्यांवर आणि टबाच्या कडेला जो पांढरा दगडी थर खरवडावा लागतो, तोच थर बोअरचं पाणी घातलेल्या रेडिएटरच्या आत बसतो. फरक इतकाच की तिथे तो दिसत नाही. गाडी गरम करून बंदूक रेडिएटरवर आडवी फिरवा. काळ्या रंगाच्या भागावर धरा, चकचकीत पितळेवर आकडा खोटा येतो. मध्येच एखादा पट्टा शेजारच्यापेक्षा बराच थंड लागला तर तिथल्या नळ्या बुजल्यात. थोडं असेल तर रेडिएटर धुण्याचं औषध आणि उलट्या दिशेने पाणी सोडून भागतं. मग डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट, नळाचं पाणी परत कधीच नाही.

थर्मोस्टॅट काढून पातेल्यात दोऱ्याने टांगा, तळाला टेकू देऊ नका, आणि पाकाचं थर्मामीटर लावून पाणी तापवा. पातेलं कोणतं वापरायचं ते घरात विचारून घ्या. पुस्तकात तीन आकडे आहेत: सर्वसाधारण ८२, उष्ण प्रदेशाला ७४, थंड प्रदेशाला ८८. विदेशातून मागवलेल्या गाडीत ८८ चा सापडला तर नवल नको. आपल्याला ७४. तो पार काढून टाकायचा सल्ला मिळेल, मानू नका. डिसेंबरच्या पहाटे नागपूरही दहा अंशांवर येतं, तेव्हा इंजिन तापतच नाही आणि तेलाचा चिखल होतो.

कार्बोरेटरच्या वाट्या

चोकच्या चाचणीत पेट्रोल जास्त होतंय असं दिसलं, बंद पडल्यावर डाव्या बाजूने पेट्रोलचा वास येतो, आणि ठिणगी निळी आहे. मग वाटीतलं पेट्रोल खरंच उकळतंय. पेट्रोलला पाण्यासारखा एकच उत्कलनबिंदू नसतो. त्यातला हलका भाग चाळीस अंशांच्या आसपासच उडायला लागतो, आणि नवतपात तेवढं तर सावलीत असतं. बुडबुड्यांनी पेट्रोल जेटमधून मॅनिफोल्डात सांडतं आणि प्लग भिजतात.

तातडीचा उपाय: चोक पूर्ण आत, अ‍ॅक्सिलरेटर जमिनीपर्यंत दाबून धरा, पंप करू नका, पाच सेकंद सेल्फ. हवा जास्त जाऊन आतलं पेट्रोल निघतं आणि इंजिन खोकत घेतं.

कायमचा उपाय पायरीपायरीने. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डमधला उष्णतारोधी ठोकळा तडकलेला नाही ना, दोन्ही बाजूंची गॅस्केटं आहेत ना, आणि मधला पत्र्याचा पडदा जागेवर आहे ना, हे बघा. मागच्या मिस्त्रीने 'हे कायले लागते' म्हणत काढून ठेवलेला पडदा मी दोन गाड्यांत पाहिलाय. जुन्या पडद्यावरचा पांढुरका थर अ‍ॅस्बेस्टॉसचा असू शकतो, सुका घासू नका. पेट्रोलची नळी मॅनिफोल्डला घसटून जात असेल तर लांब वळवा.

ई-२० पेट्रोलने या भागात नवे प्रश्न आणलेत. जुनं रबर त्याने फुगतं आणि आतून सुटतं, त्याचे काळे कण वाटीच्या सुईत अडकतात. सगळ्या रबरी नळ्या आर-९ छापलेल्या (इथेनॉल सोसणाऱ्या) घ्या. शिवाय इथेनॉलमुळे मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. कार्बोरेटरच्या घुमटाखालची पिन उचलून एसयूचा पिस्टन जेमतेम मिलिमीटरभर वर करा. इंजिनाचा वेग क्षणभर वाढून जागेवर आला तर बरोबर. वाढून वाढलेलाच राहिला तर पेट्रोल जास्त. पडला तर पातळ, जेटची चक्री एक पैलू खाली घ्या आणि परत बघा. दोन्ही कार्बोरेटरना सारखंच करा.

पंप

पंपाचा आवाज नव्हता, तर टेस्ट लॅम्पने त्याच्यापर्यंत वीज येते का ते आधी पाहा. वीज येत असेल तर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने त्याच्या अंगावर एक हलकी टपली मारा. टकटक सुरू झाली तर आतले पॉईंट जळालेत. घरी पोचाल, पण तेवढंच. वीज आहे आणि टपली मारूनही आवाज नाही, पण वाटीचं झाकण उघडल्यावर वाटी भरलेली दिसली, तर पंप निर्दोष आहे, मागे फिरा.

तो किती ढकलतो ही एकच चाचणी गाडी थंड झाल्यावर, उघड्यावर, बॉनेटखालची नळी बाटलीत सोडून करायची. अर्ध्या मिनिटात अर्धा लिटर तरी यावं. पंप उघडणं कठीण नाही, पण गाडीच्या पोटाखाली झोपून, डोळ्यांवर पेट्रोल ठिबकत करायचं काम आहे. आधी बॅटरी काढा, जॅकवर विसंबू नका, स्टँड लावा. इलेक्ट्रॉनिक पंप मागवणार असाल तर प्लस-अर्थिंगचा आहे का ते दोनदा विचारा.

इथे पाना खाली ठेवा

पेट्रोल मॅनिफोल्डवर ठिबकतंय किंवा टप लावल्यावर आत वास कोंडतोय: किल्ली बंद, सगळ्यांना उतरवा, गाडी टो करून न्या. 'घर जवळच आहे' म्हणून चालवू नका. टाकीला छिद्र असेल तर वेल्डिंगवाल्याकडे सरळ नेऊ नका. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, ते काम टाक्या धुऊन डागणाऱ्याचंच आहे.

रेडिएटरमध्ये इंजिन चालू असताना बुडबुडे, तेलाच्या झाकणाखाली साय, पाणी दर आठवड्याला कमी: हेड गॅस्केट किंवा तडकलेलं हेड. कॉम्प्रेशन मोजून घ्या आणि हेड लेथवाल्याकडे दाबाखाली तपासायला द्या. या इंजिनांची हेडं व्हॉल्व्हच्या जागांमध्ये तडकतात, ते डोळ्यांनी ओळखू येत नाही. रेडिएटरच्या नळ्या औषधाने मोकळ्या झाल्या नाहीत तर रॉड मारणं (नळ्यांत सळई घालून साफ करणं) किंवा नवी जाळी बसवणं हे रेडिएटरवाल्याचं काम.

वायर जळल्याचा वास आला किंवा वायरिंगचा गुच्छ हाताला गरम लागला तर ऑटो-इलेक्ट्रिशियन बोलवा, पण तो काम करेल तेव्हा शेजारी उभे राहा. सीटमागच्या सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या तो सवयीने मायनस बॉडीला करून जोडू शकतो. मी स्टिअरिंगला सुतळीने पुठ्ठा बांधतो, त्यावर लाल पेनने लिहिलंय: प्लस बॉडीला.

आणि ज्याच्याकडे न्याल त्याला 'गरम झाली की बंद पडते' एवढंच सांगू नका. काटा कसा पडला, चोक ओढल्यावर काय झालं, पंप वाजत होता का, ठिणगीचा रंग कोणता, किती मिनिटांनी परत सुरू झाली, हे कागदावर लिहून न्या. आणि जाताना लांबच्या रस्त्याने, दुपारी दोनच्या सुमारास जा.